काढायचा राहिलेला दोरा

मी एक जुना दोरा आहे. हसू नका, मित्रांनो. फाटक्या छत्रीची नि मोडक्या खुर्चीची कहाणी तुम्ही हौसेनं वाचता, मग दोऱ्यानंच काय घोडं मारलं आहे? त्यातून मी साधासुधा दोरा नाही, कच्च्या टाक्याचा दोरा आहे. गोधडीचे थर शिवण्याआधी सरकू नयेत म्हणून ते धरून ठेवायचे आणि पक्की शिवण झाली की निघून जायचं, एवढंच माझं काम. मी मात्र निघालोच नाही. कित्येक वर्षं मी एका गोधडीच्या पोटात अडकून पडलो आहे.

माझा जन्म कुठल्या गिरणीत झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते मैद्याचं पोतं. त्याच्या तोंडाशी मला शिवलं होतं. ट्रकमधून धक्के खात मी भामरागडला जलालुद्दीनभाईंच्या चहाच्या हॉटेलात आलो. त्यांनी माझं टोक शोधलं, एक हिसडा दिला आणि मी सर्रकन मोकळा झालो. काय सांगू तो आनंद! तेवढं एकच सुटणं माझ्या वाट्याला आलं.

जलालुद्दीनभाई असे दोरे फेकत नसत. शेजारच्या बायनाबाईंसाठी ते खुंटीला अडकवून ठेवत. बायनाबाईंच्या गोधड्यांना गावात मान होता. त्यांची सून गुलाब तेव्हा पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आलापल्लीला आईकडे जायचं होतं. नवरा दसरू तिकडेच सागाच्या डेपोवर कामाला लागणार होता, तोच तिला नेऊन सोडणार होता. पण बायनाबाई हटून बसल्या होत्या. बाळाची गोधडी सासरचीच हवी आणि ती पुरी झाल्याशिवाय सून घरातून हलणार नाही.

"रिकाम्या हातानं धाडलं त लोक मले काय म्हणतीन?" त्या म्हणत.

एका सकाळी त्यांनी सारवलेल्या जमिनीवर जुनं लुगडं ताणून पसरलं. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, दगड, जे मिळेल ते ठेवलं. वर आणखी थर घातले आणि तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या सारल्या. शेजारची गिरजाबाई थर टोचून धरायला बाभळीचे काटे घेऊन आली.

"नाई व," बायनाबाई म्हणाल्या. "एखादा काटा आत राह्यला त लेकराले टोचन. दोराच बरा."

मग त्यांनी मला सुईत ओवलं. मधोमध सुरुवात करून चार-चार बोटांचे लांब टाके घातले. माझ्या भावंडांना कडेनं फिरवलं. आम्हा कोणाच्याच टोकाला गाठ मारली नाही. शेपूट बाहेर सोडलं, म्हणजे काम झालं की धरून ओढता येईल. मी खुशीत होतो. चार दिवसांची चाकरी, मग पुन्हा मोकळा!

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. बायनाबाई दिवसभर धानाच्या बांधीत असत आणि पक्की शिवण गुलाबवर सोपवलेली होती. बिचारीचं सगळं लक्ष माहेराकडे. लाल दोऱ्यानं ती भराभर शिवत सुटली. तिला सरळ रेघ काही जमत नव्हती. तेवढ्यात तिला माझी पांढरी रेघ दिसली. तिनं तीच धरली आणि माझ्या वरून शिवत गेली. सुई माझ्या अंगातून आरपार जात होती. 'बाजूनं जा गं बाई, बाजूनं!' मी ओरडत होतो, पण दोऱ्याचं कोण ऐकतं?

संध्याकाळी तिनं कडेचे दोरे ओढले. सर्र, सर्र, माझी भावंडं निघून गेली. मला ओढलं, तर सगळी लाल शिवण गोळा होऊन आली. बायनाबाई घरी आल्या त्या बघतच राहिल्या.

"काऊन व, कच्च्या टाक्यावरूनच शिवली?"

"मले वाटलं, तुमीच रेघ मारून देल्ली मामीजी," गुलाब रडवेली होऊन म्हणाली.

"आता मधातला सारा पट्टा उसवा लागते."

गुलाबनं मान खाली घालून उसवायला घेतलं. तेवढ्यात जलालुद्दीनभाई दारात आले.

"बायनाबाई, रपट्याले पानी लागून राह्यलं. सकाळची गाडी गेली का खतम. मंग पुरी बरसात गाडी नाई."

गुलाबचे हात थांबले. बायनाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "दसरूच्या टायमाले माही माय नदीच्या त्या काठावर उभी व्हती. मी इथी घरात वरडून राह्यली, ते तिथी रडून राह्यली. पानी उतरलं तवा दसरू पालथा पडाले लागला व्हता." त्यांनी सुनेच्या हातातून सुई काढून घेतली. "दोरा राहू दे आतच. तू जाय मायकडं."

"पन पांढरा दोरा दिसते. लोक हासतीन."

"हासू दे. लोक काई तुह्या बाळंतपनाले येत नाईत."

झालं! एका शब्दात मला जन्मठेप झाली. मला भयंकर राग आला. चूक तिची आणि कोंडला जाणार मी! सकाळी गोधडीचं गाठोडं बांधलं, तेही माझ्याच मोकळ्या भावंडांनी. रपट्यावर, नदीवरच्या त्या ठेंगण्या पुलावर, बसच्या चाकांना पाणी लागत होतं. गुलाबनं गाठोडं पोटाशी घट्ट धरलं होतं. पलीकडे गेल्यावर तिनं सोडलेला श्वास मला आतपर्यंत जाणवला, आणि माझा राग थोडा उतरला. थोडाच.

आलापल्लीला गुलाबच्या आईच्या घरी मंगली जन्मली. हिवाळ्यात वाट मोकळी झाली तशा बायनाबाई नातीला बघायला आल्या. अंगणात उन्हाला बसून त्यांनी सुई काढली. "आता सवड हाये. याले मोकळा करतो."

मी शहारलो. त्यांनी माझं शेपूट शोधलं, तर ते मंगलीच्या मुठीत! रोज तेच बोटाला गुंडाळून ती झोपायची. त्यांनी जरा ओढताच तिनं असा टाहो फोडला, की सारी आळी गोळा झाली. बायनाबाई हसल्या आणि त्यांनी सुई ठेवून दिली.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

आता मंगली शाळेत जाते, बाजारातली चादर पांघरते. गोधडी पत्र्याच्या पेटीत तळाशी आहे आणि तिच्यात मी. इथे अंधार आहे, कुबट वास आहे. लाल दोरा जागोजागी विरला. मधले थर अजून मीच धरून आहे.

मित्रांनो, पेटीतल्या जुन्या गोधडीला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. नवी शिवाल तेव्हा कच्च्या टाक्याच्या बाजूनं शिवा आणि काम झालं की त्याला आठवणीनं काढा. ज्याला जायचं आहे, त्याला गाडी असेपर्यंत जाऊ द्या.

माझ्या टोकाला अजून गाठ नाही. कधीतरी पेटी उघडेल, मंगली माझं शेपूट धरेल. ती ओढेल, याच आशेवर मी आहे. पण तिनं ते पुन्हा बोटाला गुंडाळलं, तर राहू दे.