घाटातली हवा

पांढऱ्या जाळीच्या पेटीचं दार उघडून यज्ञेश्वरनं वाकून तापमापी पाहिली, आकडा वहीत लिहिला आणि दार लावलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आलीच.

"सायब, ह्या आठवड्यात पाऊस हाय का वो?"

शालूबाईचं घर वेधशाळेच्या आवाराला लागून होतं. गेले तीन दिवस ती सकाळी साडेआठच्या ठोक्याला हेच विचारत होती. चैत्रात गल्लीतल्या सगळ्याच बायका विचारायच्या. वळवाची सर आली की गच्चीवरच्या कुरडयांचा लगदा व्हायचा. पण शालूबाईच्या अंगणात या साली एक सांडगासुद्धा वाळत नव्हता.

खरं तर पुढचं काही यज्ञेश्वरला कळत नसे. बावीस वर्षं तो जे होऊन गेलं तेवढंच मोजत आला होता. ते आकडे तारेनं पुण्याला जात आणि अंदाज पुण्याहून रेडिओवर येत. पण हे गल्लीच्या गळी कोण उतरवणार? पगार हवेचा खातोस आणि हवा ठाऊक नाही म्हणतोस, असा लोकांचा रोकडा सवाल.

"नाही शालूबाई. कालच रेडिओवर सांगितलं. आठवडाभर कोरडी हवा. बिनघोर राहा."

ती बिनघोर झाली नाही. उलट कडू औषध घेतल्यासारखं तिचं तोंड झालं.

"आनि घाटात? गगनबावड्याला?"

"तिथंही कोरडंच."

"वळीव काय सांगून येतोय व्हय? पुन्यात बसून काय कळतंय त्येंना?"

आणि तरातरा आत जाऊन तिनं दार आपटलं. यज्ञेश्वर चक्रावला. चांगली बातमी सांगून वर बोलणी खावीत, हे त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच होत होतं.

घरी त्यानं बायकोपाशी विषय काढला.

"लेक यायची आहे त्यांची," कालिंदी म्हणाली. "मालन. पत्र मीच वाचून दाखवलं, दोनदा."

मालननं आईला न विचारता कणकवलीच्या एका मुलाशी लग्न केलं, त्याला सहा वर्षं झाली होती. 'पुन्हा उंबरा चढू नकोस,' असं शालूबाईनं तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. आता मालनचं पत्र आलं होतं. या आठवड्यात जमलं तर पोराला घेऊन येईन, एवढंच.

"मग हवा चांगली आहे म्हटल्यावर बाईला आनंद व्हायला हवा."

"तेच तर मलाही कळेना," कालिंदी म्हणाली.

यज्ञेश्वरनं आपल्या परीनं अर्थ लावला. घाटाची वळणं, बरोबर लहान मूल, आईचा जीव धास्तावणारच. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून कुंपण गाठलं आणि घाटात धुकंसुद्धा नाही असं ठासून सांगितलं.

"त्यो ढग दिसत न्हाय व्हय तुमास्नी?" शालूबाई पश्चिमेकडं हात करून कडाडली. तिकडं औषधालाही ढग नव्हता.

गुरुवारी तो थकला. रोजची कटकट मिटावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच तो हवेबद्दल खोटं बोलला.

"येईलही एखादी सर, शालूबाई. घाटाचं काय सांगावं?"

बाईचा चेहरा एकदम सैल पडला. कुंपणाशीच ती मटकन खाली बसली.

"तरीच म्हनलं! अशा पावसात पोराला घिऊन कोन येतंय?" ती चक्क हसली. "मग एवढं करा की सायब. रोज पुन्याला तार करताय, तशी एक कनकवलीला करा. घाटात पाऊस हाय, येऊ नगंस म्हनावं."

"अहो, पण तिला यायचं असेल ना."

"आनि न्हाय आली तर?"

यज्ञेश्वरनं हातातली वही मिटली.

"दार म्याच लावल्यालं, सायब. तिनं नुसतं जमलं तर म्हनून लिवलंया. न्हाय आली तर म्या माज्या जिवाला काय सांगू?" तिनं डोळ्यांना पदर लावला. "पाऊस आला म्हनलं की कुनाचं काय चुकत न्हाय."

मालनचा पत्ता घेऊन यज्ञेश्वर तारऑफिसात गेला आणि त्यानं दोन फॉर्म खिडकीत सरकवले. दिलदार नावाचा तारमास्तर त्याच्या आकड्यांच्या तारा इतकी वर्षं पाठवत होता की ढगांचा आकडा कुठं असतो हे त्यालाही पाठ झालं होतं.

"सायब, पुन्याच्या तारंत ढग शून्य. आनि हितं घाटात पाऊस. ह्यातली खरी कुठली?"

यज्ञेश्वरनं दुसरा फॉर्म परत घेतला. खिडकीशी उभा राहून त्यानं तो तीनदा वाचला. बाईला आज चार दिवसांनी हसताना पाहिलं होतं. ते हसू मोडायचा आपल्याला काय अधिकार? आणि त्या पोरीला अडवायचा तरी काय? काहीच धड ठरेना. मागे रांग वाढली, कुणीतरी "आटपा की पावणं" म्हणून ओरडलं. त्यानं कोरा फॉर्म मागितला, घाईघाईनं चार शब्द लिहिले आणि जुना फाडून टाकला.

परत आला तेव्हा शालूबाई कुंपणाशीच उभी होती.

"क्येली तार?"

"केली."

"काय लिवलंसा?"

खोटं पुन्हा जमेना. "हवा स्वच्छ. ये. आई."

तो शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. आपण बाईचं भलं केलं की तिच्या जिवाला नवा घोर लावला, हे त्याला कळत नव्हतं. पश्चिमेकडच्या लख्ख आभाळाकडं शालूबाईनं पाहिलं. मग तिनं कुंपणाची तार घट्ट धरली.

"म्हंजे आता वाट बघाय लागनार," ती म्हणाली.