सगळी माझीच

"सगळी माझीच म्हणायला तुमाला कुणी सांगितलं हुतं?" सुलाबाईनं तव्यावर भाकरी अशी आपटली की चुलीतली राख उडाली.

तिचा नवरा आप्पासो उंबऱ्यावर बसून मेंढरं कोंडायच्या जाळ्याला गाठी मारत होता. गाठ काही बसत नव्हती.

"मग काय म्हनायचं हुतं? चंद्री तितंच हुबी. तिच्यादेखत परक्याला बोट दावून सांगू, ही माझी आन ही भनीची?"

"सांगायचं! आता तिचीबी गेली की जप्तीत."

सकाळी कोर्टाचा बेलीफ दोन पंच घेऊन आला होता. कळपाकडं बघून त्यानं विचारलं, मेंढरं कुणाची? आप्पासो छाती काढून म्हणाला, "सगळी माझीच." बेलिफानं ते पंचनाम्यात जसंच्या तसं लिहिलं आणि खाली आप्पासोनं सही ठोकली, तीही सातवी शिकल्याच्या ऐटीत.

आता त्याची एकट्याची तरी चूक कशी म्हणावी? धनगराच्या कळपात मेंढरं कधी एकाची नसतात. सासरी गेलेल्या लेकीची असतात, विधवा बहिणीची असतात. कानाच्या खुणेवरून घरच्यांना बरोबर कळतात. पण बाहेरच्यानं विचारलं तर राखणारा सगळी आपलीच म्हणतो. चारचौघांत तुझी-माझी केली म्हणजे त्या माणसाला घरातनं वेगळं काढलं, असा अर्थ होतो. चंद्राबाईचा नवरा वारला तेव्हा आप्पासोनं तिला आणि तिच्या मेंढ्यांना आपल्या दारात आणलं, आणि बिरोबापुढं भंडारा उचलून शब्द दिला की तुझं-माझं व्हायचं नाही. तोच शब्द तो बेलिफापुढं बोलून बसला.

आणि हे झेंगट तरी कुणाचं? चुलतभाऊ नानासोचं. त्यानं पतसंस्थेचं कर्ज काढून पिकअप गाडी घेतली, आप्पासोला जामीनदार केलं, आणि पुढं गाडी आणि नानासो दोन्ही पुण्याकडं गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी आप्पासोनं वडूज गाठलं. दिग्विजय वकिलानं कागद चाळले.

"आप्पा, तुमच्यावर एकतर्फी हुकूमनामा झालाय."

"येकतर्फी म्हंजी?"

"तुम्ही कोर्टात आलाच नाही. मग कोर्टानं संस्थेचंच ऐकलं आणि निकाल दिला."

"मला बोलिवलंच न्हाई, तर येऊ कसा?"

"समन्स काढलं होतं. घराला कुलूप, म्हणून दारावर डकवलं."

"आवं, तवा आमी कुंडलच्या मळ्यात मेंढरं बसवून हुतो! दिवाळी झाली की निघतो, ते मिरगाच्या तोंडाला माघारी. दाराचा कागद वाऱ्यानं न्हेला का शेरडानं खाल्ला, आमाला काय म्हाईत?"

"हेच लिहून अर्ज देऊ, की निकाल रद्द करा आणि माझं म्हणणं ऐका. पण अर्ज दिला म्हणून जप्ती आपोआप थांबत नाही. स्थगिती मागू. मिळेल तेव्हा खरं."

"पन पैसं खाल्लं नानासोनं. आधी त्येला धरा की!"

"जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे, आप्पा. त्यानं फेडलं नाही तर मी फेडीन, असं लिहून दिलंत तुम्ही. आधी त्याच्याच मागं लागावं असं संस्थेवर बंधन नाही."

जामीन राहायचं म्हणजे भावकीत सही करायची आणि वर चहा प्यायचा, एवढंच आप्पासोला माहीत.

"आन ह्यो सुपुर्दनामा काय म्हनतोय?"

"मेंढरं आता कोर्टाच्या ताब्यात. सांभाळायला फक्त तुमच्याकडं ठेवलीत. विकायची नाहीत, गावाबाहेर न्यायची नाहीत."

आप्पासोला भलत्या वेळी हसू आलं. "भाईर न्यायची न्हाईत? मग खायाला काय घालू, तुमचं कागद?"

वकिलानं कागद मिटले. मग म्हणाला, "तुमच्या बहिणीची सोडवता येतील. तिनं हरकत घ्यायची, की ही माझी आहेत. पण तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल, ती माझी नाहीत."

दिवाळी सरली. एकेक बिऱ्हाड घोड्यावर संसार लादून नदीकाठाकडं निघालं. आप्पासोचा कळप मात्र गावातच. माळावर कुसळं तेवढी उरली. मेंढरं बाभळीच्या शेंगा शोधत भटकायची, संध्याकाळी खपाटीला गेलेली पोटं घेऊन जाळ्यात यायची. आया आटल्या, कोकरं लुचून लुचून ओरडायची. हाकायचं आपण आणि मालक कोर्ट. वाट समोर दिसत असून जाता येत नव्हतं. आप्पासोचा जीव नुसता कोंडला होता.

चंद्राबाईनं हरकतीच्या अर्जावर अंगठा दिला खरा, पण तारखेच्या आदल्या सांजेला ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"दादा, नगं सांगूस तसलं. माझी गेली तर जाऊंद्यात. मला येगळं काढू नगंस."

"आगं, नुसतं बोलायचं कोर्टात."

"बिरूबापुढंबी नुसतं बोलला हुतास."

आप्पासो उठला आणि जाळ्याची सैल गाठ आवळू लागला. पण तिची कोकरं रात्रभर ओरडत होती, आणि ती ऐकूनच त्याचं ठरलं.

कोर्टात संस्थेच्या वकिलानं पंचनामा नाचवला. "सगळी माझीच, ही सही तुमची ना? मग तेव्हा खोटं बोललात का आता खोटं बोलताय?"

"तवाबी खरंच बोललो, सायेब. घरात ती माझीच. पन मालकी भनीची हाय. डाव्या कानाला खाच असल्याली येकबी माझी न्हाई."

मागच्या बाकावर चंद्राबाई पदर तोंडाला लावून बसली होती. त्यानं तिकडं बघितलं नाही. बघवलंच नाही.

दोन जाणत्या धनगरांनीही खूण सांगितली. कोर्टानं चंद्राबाईची मेंढरं सोडली. आप्पासोच्या अर्जाला मात्र पुढची तारीख पडली.

भावकीतलं शेवटचं बिऱ्हाड कुंडलकडं निघालं तेव्हा चंद्राबाई त्यांच्याबरोबर निघाली. खाचेची मेंढरं एकेक करून जाळ्याबाहेर काढली. ती बाहेर पडायची आणि पुन्हा आप्पासोभोवतीच जमायची. त्याच्याच हाळीवर वाढलेली ती, दुसऱ्याची हाळी ऐकतात कशाला? शेवटी तो तोंड फिरवून, ओठ घट्ट मिटून उभा राहिला, तेव्हा कुठं कळप हलला.

एक म्हातारी मेंढी ओढ्यापासून माघारी आली आणि त्याच्या धोतराला तोंड घासू लागली. त्यानं तिला ढकललं. ती परत आली. चंद्राबाई वाटेवर थांबून बघत होती.

आप्पासोनं ढेकूळ उचललं आणि मेंढीच्या अंगावर मारलं.

"जा! माझी न्हाईस तू!"

मेंढी बिचकून पळाली. चंद्राबाई वळली आणि तिच्या मागोमाग चालू लागली. माघारी वळून तिनं एकदाही बघितलं नाही. आप्पासो धूळ बसेपर्यंत उभा राहिला, आणि मग कोर्टाची मेंढरं हाकत उघड्या माळाकडं निघाला.