बौशरच्या कबरी

माझ्या भावाची कबर कुठं आहे ते मला माहीत नव्हतं, आणि अब्बा चिपळूणहून मस्कतला आले होते ते तीच बघायला.

शाहबाज, माझा थोरला भाऊ, २०१३ साली वादी अदाईतल्या खोलीत छातीत कळ येऊन गेला. त्याच दिवशी अस्रच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेआधी अमरातच्या कब्रस्तानात माती झाली. मी अल् खुवैरला, गाडीने वीस मिनिटांवर, कुणाचा तरी एसी उघडून बसलो होतो. घरी फोनवर सांगितलं, मी होतो, तीन मुठी माती दिली. गेलोच नव्हतो. अर्बाबने, म्हणजे मालकाने, सोडलं नाही म्हणावं, तर त्याने स्वतः गाडीची किल्ली पुढे केली होती. माझा व्हिसा शाहबाजने काढून दिला, आणि ते तो चारचौघांत ऐकवायचा, म्हणून वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. तो मेला तरी माझा राग उतरला नाही. असा मी.

अमरातच्या कबरींवर नावं नाहीत, नुसते दगड. ज्या दोघांनी त्याला पुरलं ते केव्हाच व्हिसा संपवून गावी गेले. विचारणार कुणाला?

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, अब्बांना व्हॅनमध्ये बसवलं आणि अमरातला निघालो. वाटेतल्या बौशरपर्यंत आलो आणि माझा धीर सुटला. तिथं शहराला लागूनच दगडी कबरी आहेत, इस्लामच्याही कितीतरी आधीच्या. कुणी फिरकत नाही. म्हटलं, पाच मिनिटं थांबू, काहीतरी सुचेल. मी हँडब्रेक ओढेपर्यंत अब्बा उतरलेसुद्धा. पहिल्याच ढिगाऱ्यापाशी चपला काढून उभे राहिले.

"हीच ना रे?"

"हो," मी म्हणालो. चुकून बोललो असं म्हणणार नाही. सुटलो, असंच वाटलं मला.

अब्बांनी फातिहा पढली. दगडावरून हात फिरवत बराच वेळ रडले. मी घड्याळ बघत होतो, आता लाज वाटते. मग डोळे पुसत ते फाटकाजवळच्या इंग्रजी-अरबी पाटीपाशी गेले. अब्बा चौथी शिकलेले, इंग्रजीचं नाव नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. साठ वर्षं रोज पहाटे फजरनंतर कुराण वाचणारा माणूस अरबी लिपीतले आकडे ओळखतो, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

त्यांनी बोट ठेवून आकडे लावले. पुन्हा लावले.

"तीन हजार वर्सं लिवलीत," ते म्हणाले. "शाबाजला जाऊन तीन वर्सं झाली, गुलजार."

त्यांनी पाटीवरचं बोट काढलं.

"मातीला तरी व्हतास?"

"नाही."

तेवढ्यात अम्मीचा फोन आला. अब्बांनी घसा साफ केला.

"हां, जोहरा. बगितली कबर. साफ हाय. गुलजारनं लय जपलीय."

फोन खिशात टाकून ते चपला घालायला वाकले. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"तिला येक तरी पोरगा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माझे दोनी गेले."