बेबीचं पथ्य

मास्तर माझ्याकडे स्टिकर मागायला आले. मास्तर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. गाडी चालवायला शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. शिकाऊ माणूस गाडी थेट भिंतीवर घालायला निघाला तरी त्यांचा आवाज चढत नाही. त्या दिवशी मात्र दारातूनच बोलायला लागले.

“ताई, तुमच्या बॅगेत ते हिरवे स्टिकर असतात ना? दहा-बारा द्या. बाजारातून साधी भाजी आणतो, वर चिकटवतो. बेबीला काही कळणार नाही.”

मी सेंद्रिय शेतीची तपासनीस आहे, बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही भाजी तपासतो. छे! आम्ही बहुतेक वेळ वह्या तपासतो. बी कुठून आणलं, खत कोणतं आणि कधी घातलं, शेजारच्या शेतातली फवारणी उडून येऊ नये म्हणून मध्ये किती पट्टा मोकळा सोडला. मग मी फवारणीचा पंप हुंगते आणि शेडमागे कीटकनाशकाचे रिकामे डबे पडलेत का ते बघते. सगळं जुळलं तरच हिरवा शिक्का मिळतो. खोटा शिक्का लावणाऱ्या दोघांचा धंदा मी बंद पाडलाय, आणि इथे माझे मेहुणेच माझ्यापुढे हात पसरून उभे.

पण त्यांच्यावर चिडता येईना. बेबीचं वय सेहेचाळीस, तरी आमच्यासाठी ती बेबीच. चार महिन्यांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली. तेव्हापासून शिक्का नसलेलं काहीही ती तोंडात घालत नाही. शिक्क्याच्या भाजीची पेटी आठवड्यातून एकदा येते, आणि चौथ्या दिवशी तिच्यात मरगळलेला पाला आणि बीट एवढंच उरतं. अंडी नको, दूध नको, मासे तर नकोच नको. वजन सहा किलोंनी उतरलं होतं.

“काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर केमोचा पुढचा डोस लांबवावा लागेल,” मास्तर म्हणाले. “ताई, डोस चुकायला नको हो.”

“स्टिकर मिळणार नाहीत,” मी म्हणाले. “चला, मी बोलते तिच्याशी. माझं ऐकते ती.”

काय तो माझा तोरा!

बेबी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. डोक्याला रुमाल, समोर बशीत उकडलेल्या बीटाच्या फोडी. मनगटावरचं घड्याळ घसरत पार कोपरापर्यंत गेलेलं. ते बघून मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी भाषण सुरू करते.

म्हटलं, “हे बघ, शिक्का सांगतो भाजी कशी पिकवली. तिच्यावर औषधाचा अंश कमी असतो, हे खरंय. पण तेवढ्यानं माणूस आजारी पडायचा थांबतो असं छातीठोकपणे कुणाला सांगता येत नाही. मला तर नाहीच नाही. उपाशी राहून माणूस खंगतो, हे मात्र कुणीही सांगेल. भाजी नीट धू, शिजव आणि पोटभर खा.”

बेबीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग ते काय होतं?”

“कुठलं?”

“सहा वर्षांपूर्वी. याच टेबलावर मी टोमॅटो चिरत होते. तू एक उचललास, हुंगलास आणि म्हणालीस, ‘बेबी, स्वतःच्या हातानं विष चिरतेयस. दहा वर्षांनी भोगशील.’ दहासुद्धा लागली नाहीत बघ.”

मला आठवेना. अगदी शपथेवर सांगते, काही आठवेना. त्या दिवशी कुणाच्या तरी शेडमागे डबे सापडले असतील आणि तो राग मी इथे येऊन काढला असेल. पण वाक्य माझंच होतं, यात शंका नव्हती.

“तू सांगितलंस तरी मी खात राहिले,” बेबी म्हणाली. “परवडेना, जमेना, विसरायला व्हायचं. पोरीच्या डब्यातही घातलं. म्हणून हे झालं. आता तरी तुझं ऐकते.”

“डॉक्टरीणबाईंना विचारलंस?”

“विचारलं. म्हणाल्या, असं एका भाजीवर बोट ठेवता येत नाही.”

“मग त्यांचं का नाही ऐकलंस?”

“त्या बाहेरच्या. तू माझी ताई आहेस.”

मला शेताच्या वह्या वाचता येतात, माझ्या बहिणीचं शरीर वाचता येत नाही. तसं मी तिला सांगितलं. “मला तेव्हाही काही माहीत नव्हतं, बेबी. मी ठोकून दिलं. तू यात काही चुकली नाहीस, मी चुकले.”

ती बशीतली एक फोड बोटानं फिरवू लागली. “तू काय खातेस गं घरी?”

“कोपऱ्यावरच्या दुकानातलं.”

“शिक्का बघून?”

“दिवसभर शेतं तुडवून आल्यावर कोण बघत बसतं? मिळेल ते उचलते.”

बीटाची फोड सटकन माझ्या कुर्त्यावर येऊन आदळली. पाठोपाठ दुसरी.

“चार महिने!” बेबी ओरडली. “चार महिने मी हे गिळतेय, आणि तू तिकडे मिळेल ते हाणतेस!”

चार महिन्यांत तिचा इतका मोठा आवाज निघाला नव्हता. मास्तर दारात उभे होते. बायको ओरडल्यावर एवढा खूश झालेला नवरा मी पहिल्यांदाच बघितला. मी मात्र रडत होते. माफ कर म्हटलं, तेही धड उमटेना.

बेबी दमून मागे टेकली. मग म्हणाली, “अहो, खालून अंडी आणा. आणि टोमॅटो. कसलेही.”

मास्तर चपला न घालताच धावले.

मी टोमॅटो तीनदा धुतले, मऊ शिजवले, त्यात अंडी फोडली. एक अंडं ओट्यावरच सांडलं. बेबीनं पहिला घास बराच वेळ तोंडात धरला आणि डोळे मिटून गिळला. दुसऱ्या घासाला डोळे उघडे होते. नंतर मी घास मोजायचं सोडून दिलं.

बशी पुसून झाल्यावर ती म्हणाली, “उद्याही यायचं. डोस होईपर्यंत रोज. तू बोललीस ना, आता तूच खायला घाल.”

“येते.”

“आणि भाषण नको,” बेबी म्हणाली. “नुसतं वाढायचं.”