एकनळीला डोळे नसतात

त्या मंगळवारी पाऊस उघडला होता, पण धुकं काही उठायला तयार नव्हतं. कॉफीच्या रांगा चार हातांपलीकडे पुसल्यासारख्या झाल्या होत्या. पानांवरून पाणी ठिबकत होतं, आणि त्या ठिबकण्यात कुठला आवाज कुणाचा ते कळत नव्हतं.

मी बंदूक आहे. एकनळी, जुनी, दस्त्यावर एक चीर असलेली. हे सांगताना मी आवाज खाली करणार नाही.

माझं लोखंड कुठल्या भट्टीत तापलं ते मला आठवत नाही. मला आठवतं ते हे घर. चिंगप्पाच्या, म्हणजे आताच्या घरधन्याच्या, वडिलांनी मला आणलं तेव्हा आधी दिव्यासमोर ठेवलं, मग हातात घेतलं. आमच्या कोडगूत, तुमच्या कूर्गात, आमच्या माणसांना बंदुकीसाठी परवाना मागायला जावं लागत नाही. सवलतीचा एक कागद असतो, तो पेटीत पडून राहतो. घरात मूल जन्मलं की माझी एक गोळी आभाळात जाते. माणूस गेलं की दोन. ते ऐकून डोंगरापलीकडचे लोक चुलीवरचं भांडं उतरवून निघतात. शहरातून आलेले पाहुणे मला पाहून पाय आखडून बसतात. बसू देत. मी कुणाचा जीव घेतलेला नाही, आणि माझ्यावर चादर टाकून मला लपवावं असंही मी काही केलेलं नाही.

पण त्या मंगळवारचं सांगितलंच पाहिजे.

भाताची लावणी सुरू झाली की मला देवघरात ठेवतात. पुढे कैलपोळ्दच्या, म्हणजे शस्त्रपूजेच्या, सणाला कळलावीची फुलं वाहून, पूजा करूनच बाहेर काढतात. तोवर सफाईखेरीज मला कुणी हात लावत नाही. तेव्हा सणाला तीन दिवस उरले होते. चिंगप्पा सत्तरी उलटलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण मान्य करेल तर शपथ. रानडुकरांनी बांध उकरला म्हणून तो चिडला होता. त्याने मला देवघरातून उचललं, आणि मळ्यात निघाला.

डुकरं पळवायला हवेत बार काढायचा, आणि त्याआधी मोठ्याने आवाज द्यायचा, ही त्याच्या बापाची शिस्त. झुडपात खसखस झाली. चिंगप्पाने आवाज दिला नाही. नळी वर केली नाही. चाप ओढला.

मी उडाले. उडणं हाच माझा स्वभाव. मला डोळे नसतात. जो मला धरतो त्याने ते आणायचे असतात.

छर्रे झाडाच्या खोडात बसले. त्या खोडाआडून, निळं प्लास्टिक पांघरलेला, शेजारचा बिद्दप्पा उठला. हातात टोपली.

"अण्णा," तो म्हणाला, "अळंबी पाहिजे होती तर मागायची."

त्याचा आवाज स्थिर होता. टोपलीतली निम्मी अळंबी मात्र पायाशी सांडली होती.

बिद्दप्पाने गावात चकार शब्द काढला नाही. चिंगप्पाने मला पुसून जागेवर ठेवलं आणि तोही गप्प बसला. पण दुसऱ्या दिवशी सून चोंदम्मा मला सणासाठी साफ करायला बसली. तिने नळी नाकाशी नेली.

"मामंजी, हिला नुकत्याच जळलेल्या दारूचा वास येतोय."

"माझी बंदूक आहे. मला सरकारसुद्धा विचारत नाही."

"म्हणूनच मी विचारतेय."

"तू मला शिकवणार?"

"नाही. समोर कोण होतं एवढंच सांगा."

म्हातारा उठून अंगणात गेला. तिने मला तेल लावलं, काडतुसं मोजली. एक कमी भरलं. त्या दोन दिवसांत चिंगप्पा धड जेवला नाही. त्याच्याकडून मला काढून घेणारा कुणी नव्हता. ना पोलीस, ना बेंगळूरला नोकरी करणारा त्याचा मुलगा. खाली ठेवायची तर त्यानेच ठेवायची होती, आणि तेच त्याला जमत नव्हतं. साठ वर्षं मी त्याच्या खांद्याला होते. खांदा रिकामा झाल्यावर आपण कोण, असं त्याला वाटत असणार.

सणाच्या दिवशी दिव्यापुढे तांदळाच्या उकडलेल्या गोळ्यांचा, म्हणजे कडंबुट्टूचा, आणि डुकराच्या मटणाचा नैवेद्य दाखवला. पूजा झाली, सगळे मैदानात जमले. उंच झाडाला नारळ बांधलेला. पहिला नेम घरातल्या सर्वांत मोठ्याचा.

"अण्णा, नारळ दिसतोय ना?" कुणीतरी ओरडलं. "की खाली आणून हातात देऊ?"

सगळे हसले. चिंगप्पा हसला नाही. त्याने मला खांद्याला लावलं, एक डोळा मिटून नारळ शोधला. मग त्याने नळी जमिनीकडे केली.

"मंगळवारी मी हिला देवघरातून काढली," तो म्हणाला. "आवाज न देता बार काढला. समोर बिद्दप्पा होता. मला तो डुक्कर वाटला."

"तसं माझी बायकोही म्हणते," बिद्दप्पा म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

चिंगप्पाने मला चोंदम्माच्या हातात दिलं. "आजपासून बंदूक हिची. कागदही हिच्या नावावर करायचा."

चुलत भाऊ माचय्या पुढे आला. "सुनेला? अरे, मुलगा आहे ना तुला."

"तो त्याचे डोळे बेंगळूरला घेऊन गेलाय. हिचे इथे आहेत."

चोंदम्माने घाई केली नाही. मला मधून उघडून नळीतून आरपार पाहिलं. माणसांना आपल्या मागे उभं केलं, माचय्यालाही. मग काडतूस घातलं. तिचा पहिला नेम चुकला, आणि कुणी चुकचुकलं तर तिने वळून पाहिलंसुद्धा नाही.

आता मी तिच्या कपाटात कुलपाआड असते, काडतुसं दुसऱ्या खोलीत. तुम्ही म्हणाल, बंदूक हवीच कशाला? मी हक्काने या घरात आले आहे आणि हक्काने राहणार. मला हिसकावू नका. पण जो मला उचलेल त्याला, तो तुमचा बाप असला तरी, समोर कोण आहे ते विचारा. भीड धरू नका.

त्या दिवशी मैदानातून परतताना बिद्दप्पा चिंगप्पाच्या बरोबरीने चालत होता. त्याचा बांध आला तसा तो थांबला आणि म्हणाला, "अण्णा, मंगळवारपासून मी माझ्याच मळ्यात मुद्दाम खोकत फिरतोय. आज गप्प घरी जातो."