पाच ट्रान्झिस्टरचा सेट

उत्तमरावांनी यादी दोनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि रमाकांतरावांकडे पाहून म्हणाले, "साहेब, हे ज्यानं लिहिलं ना, त्याले समजते."

अकोल्याच्या बाजारातलं त्यांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान म्हणजे दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरणारी बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पत्र्याचे डबे, आणि गल्ल्यामागे मोडक्या सेटांचा ढीग. मेहकरच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाला तिथं कसं उभं राहावं तेच कळत नव्हतं. रमाकांतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मुलगा आहे माझा," ते म्हणाले. "अमरावतीला इंजिनियरिंगच्या डिप्लोम्याला आहे. त्यानंच पाठवली लिहून."

चारुलता त्यांच्या मागे पिशवी धरून उभी होती. यादी तिनं लिहिली होती. कचेरीतून आलेल्या रद्दी फॉर्मच्या पाठीवर, पेन्सिलीनं, चार वेळा खोडून. पोरीची यादी म्हटलं असतं तर या माणसानं वाटेल तो माल गळ्यात मारला असता, असं बाबांना वाटलं असणार. बसमध्ये सांगतील ते.

भाऊ अनंत यानं दोन वर्षांपूर्वी टपालानं रेडिओ शिकवणाऱ्या एका संस्थेत पैसे भरले होते. घरच्या पत्त्यावर धडे यायला लागले. अनंतनं तीन वाचले आणि त्याचं मन उडालं. पैसे भरलेले होते, म्हणून धडे येतच राहिले. मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या चारूनं ते इंग्रजी धडे शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक करून वाचून काढले. सेट कसा जोडायचा ते त्यात होतं, सेटांचे आराखडे होते. गेल्या महिन्यात लढाई चालू असताना बाबा रोज बातम्या ऐकायला स्टँडवरच्या हॉटेलासमोर उभे राहायचे, आणि परत आल्यावर अर्ध्याच बातम्या सांगायचे, कारण बाकीच्या गर्दीत ऐकूच आलेल्या नसायच्या. तेव्हा चारू म्हणाली होती, "बाबा, आपण घरीच केला तर?" दुकानातला तयार सेट तीनशेच्या घरात जात होता. बाबांनी पंच्याऐंशी रुपये दिले, आणि त्याच्यावर एक पैसा नाही असंही सांगितलं.

उत्तमरावांनी कागदावर बेरीज केली. "एकशे सहा. काही तरी कमी करा लागते, साहेब."

रमाकांतरावांनी मागे वळून पाहिलं.

"मी सांगतो न," उत्तमराव म्हणाले. "मधला एक ट्रान्झिस्टर काढून टाका. आवाजाचे दोन्ही राहू द्या. लोकायले आवाज लागते. चांगला खणखणीत वाजला पाहिजेन."

चारूनं बाबांच्या कोटाची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "मधला नका काढू. नागपूर दूर आहे. मधला गेला तर दिवसा काहीच लागणार नाही. आवाजाच्या जोडीतला एक काढा. मग जोडीसाठी लागणारा छोटा ट्रान्सफॉर्मरही नको. आवाज लहान येईल, सेल लवकर संपतील. पण ऐकू येईल."

बाबांनी ते अडखळत पुढे सांगितलं. ट्रान्सफॉर्मरच्या जागी "ट्रान्सफर" म्हणाले.

उत्तमराव त्यांच्या खांद्यावरून चारूकडे बघायला लागले. "बाईले माहीत दिसते सगळं."

"नाही हो," बाबा घाईनं म्हणाले. "त्यानं पत्रात लिहिलंय. ही नुसती वाचून सांगते."

नव्या गँग कंडेन्सरऐवजी जुना घ्यायचं ठरलं. स्टेशन लावायचं चाक ज्याच्यावर बसतं तो हा भाग, पत्र्याच्या पाकळ्या एकमेकींत शिरतात आणि बाहेर येतात. उत्तमरावांनी मोडक्या सेटातून काढलेले पाच-सहा समोर टाकले. चारू दाराशी गेली. एकेक गँग उन्हाकडे धरून सावकाश फिरवत राहिली. ज्याच्या पाकळ्या कुठंच एकमेकींना टेकल्या नाहीत, फटीतून उजेडाची रेघ शेवटपर्यंत अखंड दिसली, तो एक तिनं वेगळा ठेवला. चारइंची स्पीकर घेतला, पोचा आलेला पण कागद न फाटलेला. तयार पेटी सोडून दिली. चौऱ्याऐंशी रुपयांत सगळं बसलं आणि उरलेल्या रुपयात बापलेकींनी चहा घेतला.

बसमध्ये बाबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. मालेगाव गेल्यावर त्यांना झोप लागली.

सेट करायला तिला अठरा दिवस लागले. घरात वीज नव्हती. तांबटाकडून तांब्याच्या टोकाची सळई मागून आणली आणि दुपारचा स्वयंपाक उरकला की आईची शेगडी ती ताब्यात घ्यायची. सळई तापवायची, पळत खिडकीशी यायचं, एक सांधा डागायचा, पुन्हा पळायचं. जास्त तापली तर ट्रान्झिस्टर जळणार, कमी तापली तर सांधा कच्चा. आई, प्रतिमाबाई, आधी कुरकुरली, मग स्वतःच निखारे फुंकून द्यायला लागली. चारूच्या डाव्या अंगठ्यावर दोन फोड आले. त्यावर तिनं चुना लावला आणि काम चालू ठेवलं.

पहिल्यांदा सेल घातले तेव्हा नुसती शिट्टी आली. दोन दिवस तिनं धडे पुन्हा वाचले, मग दोन तारा एकमेकींपासून लांब नेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी विरली आणि त्या शिट्टीमागून, बारीक पण स्वच्छ, एक बाई बोलायला लागली. नागपूर केंद्र होतं. हरभऱ्यावरची कीड कशी ओळखावी ते ती बाई सांगत होती. चारू आणि तिची आई शेगडीशेजारी बसून हरभऱ्यावरची कीड शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. शेजारच्या गोजरबाईनं सेटाच्या मागं वाकून पाहिलं. "मायबाई! कोनं केला वो हा?"

"अनंतनं," रमाकांतराव म्हणाले. "म्हणजे सगळं त्यानं लिहून दिलं. हिनं जोडलं."

दुसऱ्या दिवशी बाबा पोस्टात रेडिओचं लायसन काढायला गेले तेव्हा "हिनं जोडलं" हेसुद्धा गळालं होतं. चारूला ते पोस्टमनकडून कळलं. त्यानं दारात उभं राहून तिच्या भावाचं तोंड भरून कौतुक केलं.

दिवाळीला अनंत आला तो नापास होऊन. ते फक्त घरातल्या चौघांना ठाऊक. पण गल्लीतून येताना लोकांनी त्याला तीन ठिकाणी थांबवून रेडिओबद्दल शाबासकी दिली, आणि घरात पाऊल टाकलं तेव्हा त्याचा चेहरा नापास झालेल्याचा नव्हता.

"तू लोकांना काय सांगितलंस?" चारूनं विचारलं.

"मी कुठं काय सांगितलं? ते म्हणाले, मी हसलो."

भाऊबीज झाल्यावर बाबांनी तिला जवळ बोलावलं. त्यांच्या साहेबांचे मेहुणे हिंमतराव पुण्याजवळ रेडिओच्या एका नव्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. माणसं भरत होते. स्वतः केलेला सेट कुणी दाखवला तर डिप्लोमा नसला तरी चालेल, असं त्यांनी कळवलं होतं.

"मग मी जाते की," चारू म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती तापात बरळतेय. "कारखान्यात? पुरुषांत? आणि पुण्याला कोण आहे आपलं?"

"अनंतचं तरी कोण आहे?"

"चारू, त्याचं वर्ष गेलंय. त्याला काही तरी लागलं पाहिजे. तुझं काय, तुझं उद्या लग्न होईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्याला जरा समजावून दे. विचारतील तिथं."

तिनं समजावून दिलं. याचा पुढे तिला स्वतःचाच जास्त राग आला. आठ दिवस ती अनंतला समोर बसवून शिकवत होती. पाचच ट्रान्झिस्टर का, मधला का ठेवला, जुना गँग कसा पारखायचा, शिट्टी आली तर काय करायचं. अनंतला सगळं समजत नव्हतं, पण त्याचं पाठांतर चांगलं होतं. शेवटच्या दिवशी तो इतकं घडाघडा बोलला की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चारूला क्षणभर अभिमानसुद्धा वाटला. मग त्यानं सेट टॉवेलात गुंडाळला आणि बस धरली.

त्याला नोकरी लागली. सेट परत आला नाही. हिंमतरावांना आवडला म्हणून त्यांनी कचेरीत ठेवून घेतला, अनंतच्या नावाची चिठ्ठी लावून. बाबा पुन्हा बातम्या ऐकायला हॉटेलासमोर जायला लागले. पण आता मालक त्यांना बसायला खुर्ची द्यायचा.

होळीला अनंत चार दिवस आला. नवा शर्ट, खिशाला पेन. जेवताना तो कारखान्याच्या गोष्टी सांगत होता. "काय सांगू बाबा, लांबच्या लांब टेबलं. ओळीनं सगळ्या पोरी बसलेल्या. चाळीस."

चारूचा हात वाढता वाढता थांबला. "पोरी?"

"सगळ्या पोरीच. साहेब म्हणतात, बारीक काम त्यांनाच जमतं, बोटं लहान असतात ना. सातवी, मॅट्रिक झालेल्या. कारखान्याची गाडी येते न्यायला, राहायला खोल्याही आहेत. दिवसभर डाग देत बसतात." तो हसला. "मी त्यांच्यावर आहे. लाईन सुपरवायझर. वाढ ना भात."

रमाकांतरावांनी मान खाली घातली ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही. आईनं चारूकडे बघितलं, आणि उठून उगाच पाणी आणायला गेली. अनंत गाडीचं वर्णन करत राहिला.

तो गेल्यावर चारूनं कारखान्याला अर्ज लिहिला. शिक्षण मॅट्रिक. अनुभव, पाच ट्रान्झिस्टरचा एक सेट. भावाचा उल्लेख केला नाही. टपाल हशील आईनं दिलं. वीस दिवसांनी छापील पत्र आलं: अमुक तारखेला सकाळी दहा वाजता मुलाखतीस हजर राहावे, सोबत पालक असावेत.

बाबांनी पत्र तीनदा वाचलं. नाही म्हणाले नाहीत. होळीच्या जेवणानंतर त्यांना नाही म्हणणं जड जात होतं. "बघू," म्हणाले, "अनंतला विचारतो, उतरायची सोय होईल का." चारूनं त्या रात्री जुनं काळं पातळ धुऊन इस्त्रीसाठी तांब्यात निखारे भरले, मग स्वतःलाच हसून ते परत शेगडीत टाकले. तारखेला अजून दोन आठवडे होते.

अनंतचं उत्तर तारखेच्या चार दिवस आधी आलं. बाबांना बारीक अक्षर वाचवत नसे, म्हणून घरातली पत्रं चारूच मोठ्यानं वाचायची. हेही तीच वाचायला लागली.

"ती. बाबांस सा. न. वि. वि. चारूनं अर्ज केल्याचं मला कचेरीतून कळलं. आडनाव आणि गाव बघून त्यांनी मलाच बोलावलं. माझी बहीण माझ्याच लाईनवर बाकावर बसली तर तिथं माझी काय किंमत राहील, याचा तिनं विचार करायला हवा होता. मी साहेबांना सांगितलं की तिचं लग्न ठरलं आहे. त्यांनी नाव कमी केलं आहे. तरी येण्याची तसदी घेऊ नये."

चारू थांबली. बाबा भिंतीकडे बघत होते. पत्र अजून संपलं नव्हतं, म्हणून तिनं पुढे वाचलं.

"ता. क. चारूला विचारून कळवावे. नव्या सेटांत एक स्टेशन सोडून दुसऱ्यावर जाताना शिट्टी येते. तिनं आपल्या सेटात ती कशी घालवली होती? तारा लांब न्यायच्या हे आठवतं, पण कोणत्या ते विसरलो. लवकर कळवावे, साहेब विचारतात."

पत्राची घडी करून तिनं ती बाबांच्या मांडीवर ठेवली.

मग रमाकांतराव म्हणाले, "झालं ते वाईट झालं. मी त्याला लिहीन, खरमरीत लिहीन. पण पोरी, ते शेवटचं तेवढं सांग. त्याची नोकरी आहे."

"त्याच्या हाताखाली चाळीसजणी आहेत, बाबा. त्यांतल्या एखादीला येत असेल. विचारू दे त्याला."

"असं तोडून बोलू नये."

"मी कुठं तोडतेय? मी काही सांगत नाहीये, एवढंच."

बाबांनी आठवडाभर तगादा लावला. आधी गोडीनं, मग रागानं, शेवटी जवळजवळ हात जोडून. चारू स्वयंपाक करत होती, धुणं धुत होती, विचारलं तर उत्तर देत होती. शिट्टीचं मात्र बोलली नाही. अनंतला खरमरीत पत्र गेलंच नाही.

लग्न ठरलं आहे असं एकदा सांगून झालं होतं. हिंमतरावांनी बाबांच्या साहेबांना पत्रात विचारलं, साहेबांनी कचेरीत सगळ्यांदेखत रमाकांतरावांचं अभिनंदन केलं, आणि ते "हो, हो" म्हणून बसले. मग स्थळ बघणं भागच पडलं. डोणगावच्या शाळेतले एक मास्तर मिळाले. माणूस वाईट नव्हता. जूनच्या आत कार्य उरकलं.

अनंत लग्नाला आला. शिट्टीचा प्रश्न कुणीतरी सोडवला होता. कोणी, ते तो बोलला नाही. बहिणीसाठी त्यानं कारखान्याचा नवा कोरा रेडिओ आणला होता. "माझ्या लाईनवरचा," तो व्याह्यांना सांगत होता. रेडिओ मांडवात हातोहात फिरला. चारूनं भावाला नमस्कार केला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

डोणगावला गेल्यावर आठवड्यानं, घरात कुणी नाही असं बघून, तिनं नाण्याच्या कडेनं रेडिओच्या मागचे चार स्क्रू सोडवले. आत सहा ट्रान्झिस्टर होते. सांधे सगळे एकसारखे, गोल, चकचकीत. तिच्या सेटातल्यापेक्षा कितीतरी चांगले. एका कोपऱ्यात मात्र एक सांधा घाईत दिलेला होता, कथील जरा ओघळलेलं. सुट्टीची घंटा झाली असेल, किंवा सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला असेल. चारूनं त्यावर बोट ठेवलं. सांधा पक्का होता.

"अगं, अगं!" सासूबाई दारातून ओरडल्या. "हात नको लावू त्याला! बिघडला म्हणजे? भावाला कळवू आपण, तो येऊन बघेल."

"हो," चारू म्हणाली, आणि स्क्रू शोधायला लागली.