सोमवारची सुई

बारा मे, सोमवार. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी शर्मिष्ठा पाठराबे बुढापारा वस्तीतल्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात बाकावरून खाली घसरली. तोवर तिला एकही सुई टोचलेली नव्हती. हे आधी सांगायला हवं, कारण दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीत सुईनंच घात केल्याचं झालं होतं आणि तसं नव्हतं हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, तो तिचा नवरा जयंत, त्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर तिची चप्पल हातात घेऊन उभा होता.

शर्मिष्ठा पंधरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. अठरा फेब्रुवारीला फळ्यावर तारीख लिहिता लिहिता तिचा उजवा हात खाली आला, तो परत वर गेलाच नाही. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती; इस्पितळातून जीव वाचून घरी आली. हात मात्र लाकडासारखा. मुख्याध्यापक घरी येऊन गेले, चहा प्याले, आणि उठता उठता म्हणाले, "सोळा जूनले शाळा उघडते, बाई. तोवर पाहू." त्या 'पाहू'चा अर्थ नवराबायकोला समजला. ज्या बाईला खडू धरता येत नाही, तिला पहिलीचा वर्ग कोण देणार?

सात एप्रिलला ती दोघं पहिल्यांदा डॉ. अस्मिता लांजेवार यांच्याकडे गेली. बाईंनी सुई काढण्याआधी पाऊण तास नुसती चौकशी केली. झोप कशी, पोट साफ होतं का, घाम कुठं येतो. जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, इस्पितळाचे सगळे कागद वाचले. मग समोर बसून सरळ सांगितलं.

"सुई केसासारखी बारीक असते. दुखत नाही; जड वाटतं, झिणझिण्या येतात. पहिल्या काही वेळेस थोडं गरगरेल, थकवा येईल. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. बारा वेळा करून पाहू. बारानंतर फरक नसला तर मीच सांगीन, बंद करा."

"आणि काढा?" शर्मिष्ठानं विचारलं. ती काढ्याच्या आशेनंच आली होती.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तुमची. तिच्यासोबत मी काढा देत नाही. पोटासाठी साधं चूर्ण देते, रात्री. इस्पितळाच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आणि उपाशीपोटी इथं यायचं नाही, हे ध्यानात ठेवा."

फॉर्म जयंतनं भरला, कारण तिचा हात चालत नव्हता. 'उपवास करता का?' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. शर्मिष्ठानं डाव्या हातानं त्याचा गुडघा दाबला.

"नाही लिहा," ती पुटपुटली.

चोवीस मार्चपासून तिनं सोळा सोमवार धरले होते. दिवसभर पाण्याचा घोट नाही. संध्याकाळी पूजा झाल्यावरच अन्न. व्रत बोलून दाखवलं की फळत नाही, हे तिच्या माहेरचं पक्कं मत. घरात फक्त जयंतला आणि कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला, गंधालीला, माहीत होतं. जयंतनं 'नाही' लिहिलं. वीस वर्षं तहसील कचेरीत लोकांचे अर्ज तपासले होते त्यानं. खोटा रकाना तो दुरून ओळखायचा.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "डॉक्टरले सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? सोमवारऐवजी मंगळवार दिला असता तिनं."

"मंगळवार काहून, असं विचारलं असतं. मग काय सांगता?"

"तू म्हणजे ना, देवापाशीही गुपचूप कारभार करून राहिली."

ती हसली. आजारपणानंतर तिचं तोंड एका बाजूला जरा ओढलं जायचं, पण हसली.

दर सोमवारी दवाखान्यात विचारायचे, "नाश्ता झाला?" जयंत सांगायचा, "हव, झाला. पोहे." एकदा डॉक्टर म्हणाल्याही, "दर सोमवारी पोहेच का हो, जयंतभाऊ? जरा उपमा करत जा." सोमवारी तिला गरगरायचं. जयंत तिला धरून रिक्षात बसवायचा, आणि ती म्हणायची, "डॉक्टरनं सांगितलंच होतं नं, गरगरेल म्हणून."

पुढे सोमवारी रक्तदाब चढलेला दिसू लागला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "गोळ्या नियमित?" दोन्ही वेळा शर्मिष्ठानं मान हलवली. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, इस्पितळात दाखवून डोस विचारा म्हणून. ती चिठ्ठी जयंतच्या शर्टाच्या खिशात धुतली गेली.

एक मेला, गुरुवारी, आठव्या वेळेस, तिचा अंगठा हलला. तिनं तो तर्जनीला टेकवला, सोडला, पुन्हा टेकवला. डॉक्टरांनी सुया मोजत वहीत नोंद केली. जयंत ढसढसा रडला. घरी येताना तिनं गंधालीला फोनवर सांगितलं, "पाहिलं? सहा सोमवार झाले."

"मम्मी, वो सुई से हुआ है," गंधाली म्हणाली. "अब तो डॉक्टर को बता दो."

"आता तर मुळीच नाही."

आता तर जयंतलाही तोंड उघडवेना. अंगठा कशानं हलला, हे त्याला कळत नव्हतं. आणि जे कळत नाही त्यातलं काय सोडावं, काय धरावं? त्यानं दोन्ही धरून ठेवलं.

बारा मेला सकाळीच ऊन डोक्यावर होतं. ती रिक्षातून उतरली तेव्हा ओठ कोरडे होते. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि त्यांचा चेहरा बदलला. "आज सुई नाही. अर्धा तास बसा, मग इस्पितळात जाऊ. सकाळची गोळी घेतली?"

"घेतली," शर्मिष्ठा म्हणाली.

"पोहे खाल्ले," जयंत म्हणाला.

दहा मिनिटांनी ती घसरली.

इस्पितळात नेल्यावर तिथल्या डॉक्टरनं गोळ्यांचा डबा मागितला. जयंत घरी आला. रविवारी तोच वारांप्रमाणे डबा भरून ठेवायचा. सोमवारचा सकाळचा खण नेहमीसारखा रिकामा होता, म्हणून त्याला हायसं वाटलं. मग देवघरात दिवा विझलेला दिसला, तो लावायला वाकला, तेव्हा कुंकवाचा जुना मोठा करंडा उघडा होता. आत, कागदात पुरचुंडी बांधून, सकाळच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आठ सोमवारांच्या. औषध उपाशीपोटी घ्यायचं नाही, असं औषधवाल्यानं सांगितलं होतं. ते तिनं तंतोतंत पाळलं होतं. फेकायला मात्र मन झालं नसावं.

त्यानं पुरचुंडी तशीच नेऊन इस्पितळातल्या डॉक्टरसमोर ठेवली. डॉक्टर तरुण होता, रात्रभर जागलेला. त्यानं ती उघडली, गोळ्या मोजल्या आणि आकडा कागदावर लिहिला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं जयंतला वाटलं.

संध्याकाळी डॉ. लांजेवार आल्या. अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीत बसल्या. जयंतनं त्यांना सगळं सांगितलं, फॉर्ममधल्या त्या उपवासाच्या रकान्यापासून.

"मले सांगितलं असतं तर मी गुरुवार-शनिवार दिला असता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग म्हणाल्या, "मीही पोह्यांवर हसले. तिचं तोंड कोरडं दिसायचं, आणि मी हसले."

मेंदूत यावेळी रक्तस्राव आहे, असं स्कॅनमध्ये आलं. शस्त्रक्रिया करायची की थांबायचं, यावर मंगळवारी दोन मोठ्या डॉक्टरांची दोन मतं पडली, थांबायचं ठरलं. शाळेतून फोन आला, तो गंधालीनं उचलला नाही.

बुधवारी, चौदा मेला, संध्याकाळी सहापर्यंत शर्मिष्ठानं डोळे उघडले नव्हते. उजवा हात हलला नव्हता. डावा हलला, असं गंधाली सांगत होती, नर्स म्हणत होती, "नहीं दीदी, वो चादर थी."